बिअ‍ॅट्रिक्स पॉटर : मुलाच्या हातात मावणारे पुस्तक

पुस्तकाचा आकार हा लेखनाचाच भाग असू शकतो काय? इंग्रज लेखिका व चित्रकार बिअ‍ॅट्रिक्स पॉटर (१८६६-१९४३) यांचे चरित्र या दृष्टीने पाहा.

लंडनमधील सधन कुटुंबात जन्मलेल्या पॉटर यांचे शिक्षण घरीच झाले. पाळलेले ससे व उंदीर रेखाटताना त्यांची नजर घडत गेली. १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पाठवलेल्या सचित्र पत्रात पीटर सशाची कथा प्रथम अवतरली. पुढे प्रकाशकांनी ती नाकारली. तरीही पुस्तक लहान हातांत मावणारे आणि स्वस्त असावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न या संस्थेने त्याच लहान आकारात रंगीत आवृत्ती काढली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली.

१९०५ मध्ये त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील हिल टॉप ही शेतवाडी विकत घेतली. तेथील घर व बाग त्यांच्या पुढील चित्रांत उतरली. मृत्युपत्राद्वारे त्यांनी चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टला दिली.

आता एखादे मराठी चित्रपुस्तक हाती घ्या. त्याचा आकार, चित्रे व मजकूर यांतून कोणत्या वाचकाचा विचार दिसतो, ते तपासून पाहा.