एक्सप्लेनर : झाडांचे गट पाडणारा इंजिनिअर

कळवणच्या शेतात कांद्याचे बी उगवते तेव्हा एकच दल वर येते. हरभऱ्याला दोन दले. एकदल-द्विदल ही वर्गीकरणाची पहिली पायरी. द्विदलात पुढे पाहायचे : पाकळ्या सुट्या, जोडलेल्या की नाहीतच?

याच पद्धतीने मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नोंद केली थिओडोर कुक यांनी. जन्म १८३६, आयर्लंड. १८६० मध्ये रेल्वेचे इंजिनिअर म्हणून भारतात आले, पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी त्यांचे नावही ऐकले नव्हते!) १८९३ मध्ये निवृत्त होऊन लंडनजवळच्या क्यू उद्यानात लिहायला बसले. अनोळखी रोप सापडले की अभ्यासक आजही हाच ग्रंथ उघडतात. तो १९०८ मध्ये पूर्ण झाला. दोन वर्षांनी कुक गेले.