विल्यम विदरिंग : औषधाची मात्रा शिकवणारे डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, घरात बाळाच्या तापाच्या औषधाची बाटली असेल तर एकदा हातात घेऊन बघा. तिच्यासोबत मोजायचं छोटं झाकण असतं, त्यावर रेघा असतात. डॉक्टर आधी बाळाचं वजन करतात आणि मगच किती मिली द्यायचं ते लिहितात. आजोबांना काही गोळ्या देताना तर आधी रक्त तपासून मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते पाहतात. एकच औषध सगळ्यांना एकाच मापानं का देत नाहीत? हा धडा ज्यांनी स्वतःच्या चुकांतून शिकून जगाला दिला, त्या विल्यम विदरिंग यांची आज ओळख करून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

विदरिंग यांचा जन्म १७४१ साली इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात वेलिंग्टन या गावी झाला. वडील रोगी तपासून औषधं देत, त्यामुळे खल-बत्ता आणि काढे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. १७६६ साली एडिंबरा विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. गंमत म्हणजे शिकताना वनस्पतिशास्त्र त्यांना मुळीच आवडत नसे! पुढे स्टॅफर्डला असताना हेलेना कुक्स या त्यांच्या रुग्ण होत्या. त्यांना फुलांची चित्रं काढायचा छंद होता. त्यांच्यासाठी रानातून फुलं आणता आणता विदरिंग यांना झाडांची गोडी लागली. १७७२ साली दोघांचं लग्न झालं आणि १७७६ साली विदरिंग यांनी ब्रिटनमधल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला.

एका आजीबाईंचं औषध

त्या काळी ड्रॉप्सी नावाचा आजार फार होता. पाय सुजायचे, पोटात पाणी भरायचं, आडवं झालं की श्वास कोंडायचा. १७७५ साली विदरिंग यांच्याकडे एक घरगुती नुस्खा मत घेण्यासाठी आला. श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तो गुपित म्हणून जपला होता आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी त्यानं बरे होतात अशी ख्याती होती. (या बाईंचं जे नाव आज काही ठिकाणी वाचायला मिळतं, ते विदरिंग यांच्या पुस्तकात नाही. ते विसाव्या शतकातल्या एका जाहिरातीतून आलं आहे.)

नुस्ख्यात वीसेक वनस्पती होत्या. औषध घेतल्यावर जोराच्या उलट्या-जुलाब होत. पण विदरिंग झाडं ओळखणारे होते. खरं काम करणारी वनस्पती एकच, फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस, हे त्यांनी ताडलं. घंटेसारखी जांभळी फुलं येणारं हे झाड विषारी आहे. मग विषातून औषध करायचं कसं?

चुका आणि शिकवण

त्याच सुमारास विदरिंग बर्मिंगहॅमला आले. तिथे ते रोज तासभर गरिबांना फुकट तपासत. वर्षाला दोन-तीन हजार गरीब रोगी येत. या रोग्यांवर त्यांनी डिजिटॅलिस वापरून पाहिलं. सुरुवातीला मात्रा फार मोठी होती, शिवाय ती फार लवकर पुन्हा दिली जाई. मळमळ झाल्याशिवाय गुण येत नाही, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा होता, आणि त्याचा त्रास रोग्यांनी सोसला.

१७७६ च्या जुलैमध्ये चाळिशी ओलांडलेल्या, मरणाच्या दारात असलेल्या एका बाईंना त्यांनी हे औषध दिलं. पहिल्या २४ तासांत सात लिटरहून अधिक पाणी लघवीवाटे गेलं आणि बाई वाचल्या. पण त्याआधी त्यांना खूप मळमळलं. विदरिंग यांनी गुणाबरोबर हा त्रासही नोंदवला.

मग ते एकेक गोष्ट पक्की करत गेले. काढा उकळला की त्याचा जोर दर वेळी वेगळा यायचा. कोवळ्या आणि जून पानांत फरक पडायचा. म्हणून झाड फुलावर असताना पानं खुडायची, वाळवायची आणि भुकटी करायची असं ठरलं. मोठ्या माणसाला १ ते ३ ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. बघा, किती थोडं! आणि सगळ्यात मोठा नियम असा, की लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसू लागला की औषध तिथेच थांबवायचं.

१७८५ चं पुस्तक

दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १७८५ साली त्यांनी फॉक्सग्लोव्हवरचं पुस्तक छापलं. त्यात दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकिकती आहेत. बरे झालेले, न झालेले, चुकीचं औषध दिलेले, सगळे! जास्त मात्रेनं काय होतं तेही लिहिलं : उलट्या, चक्कर, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं आणि शेवटी मृत्यू. अपयश लपवलं असतं तर दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच चुका केल्या असत्या आणि माणसं दगावली असती, याची त्यांना जाणीव होती.

आज वय का पाहतात?

डिजिटॅलिसच्याच कुळातून पुढे डिगॉक्सिन हे औषध मिळालं. ते हृदयाचं आकुंचन जोरदार करतं आणि ठोके आवरतं. आपल्याकडची नेहमीची गोळी फक्त ०.२५ मिलिग्रॅमची असते. गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर जातं. आता वय लक्षात घ्या.

• अपुऱ्या दिवसांचं बाळ : मूत्रपिंडं अजून कच्ची, म्हणून मात्रा फार कमी.
• काही महिन्यांचं बाळ : दर किलो वजनामागे मोठ्या माणसापेक्षा जास्त मात्रा लागू शकते. म्हणजे मूल हा काही छोटा मोठा माणूस नव्हे!
• वयस्कर माणूस : मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात साठत जातं, म्हणून मात्रा कमी. शिवाय लघवीच्या गोळ्या चालू असतील आणि पोटॅशियम उतरलं असेल, तर विषबाधेचा धोका वाढतो.

अखेर

विदरिंग यांना स्वतःला फुप्फुसाचा जुना आजार होता. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी ते वारले. एजबॅस्टनच्या चर्चमधल्या त्यांच्या स्मारकावर फॉक्सग्लोव्ह कोरलेलं आहे.

मित्रांनो, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. मोठ्यांची गोळी अर्धी करून लहानांना देऊ नका. शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून तेच औषध आजीला देऊ नका. आणि औषध सुरू केल्यावर उलट्या, चक्कर, अंधूक दिसणं असं काही वाटलं, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आठवून लिहा

१. नुस्ख्यातली खरी गुणकारी वनस्पती विदरिंग यांना कशी ओळखता आली?
२. काढ्याऐवजी भुकटी का निवडली?
३. तेच औषध आजोबांना कमी का देतात?