एथेल वॉटर्स

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात चेस्टर नावाचे गाव आहे. तेथे इ. स. १८९६ मध्ये एका अत्यंत दरिद्री कृष्णवर्णीय कुटुंबात एथेल वॉटर्स हिचा जन्म झाला. गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तीस वर्षे लोटली होती. तरी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करावा, कपडे धुवावेत, याहून निराळे जिणे तिच्या आप्तांच्या वाट्यास क्वचितच येई. तिला वाढविणारी आजी हेच काम करी.

एथेलही पुढे फिलाडेल्फिया शहरातील एका हॉटेलात मोलकरीण झाली. वेतन आठवड्याला पावणेपाच डॉलर! खोल्या झाडून झाल्या की ती दार लावून घेई आणि आरशापुढे उभी राहून नटीची सोंगे करी. सतराव्या वर्षी एका मेळाव्यात तिने गाणे म्हटले, आणि त्या गाण्यामुळे तिला बाल्टिमोरच्या नाट्यगृहात काम मिळाले. पुढे गायिका म्हणून तिची कीर्ती वाढत गेली.

न्यूयॉर्क शहरातील ब्रॉडवे हा भाग नाट्यगृहांसाठी प्रसिद्ध आहे. १९३३ मध्ये तेथील एका संगीत कार्यक्रमात तिने एक विलक्षण गीत गाइले. गोऱ्या जमावाने जिच्या पतीस ठार मारले आहे, अशी स्त्री रात्रीचे जेवण मांडीत आहे. वडील आता येणार नाहीत हे मुलांना कसे सांगावे, हे तिला सुचत नाही. करमणुकीसाठी आलेल्या श्रोत्यांपुढे असे गीत गाणे ही साधी गोष्ट नव्हती.

१९३९ मध्ये एका गंभीर नाटकात हेगार नावाच्या कष्टकरी मातेची प्रमुख भूमिका तिला लाभली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे टीकाकार ब्रूक्स अ‍ॅटकिन्सन यांस तिचा अभिनय रुचला नाही. तेव्हा नाट्यक्षेत्रातील काही मंडळींनी त्याच पत्रात जाहिरात देऊन तिची प्रशंसा केली. अ‍ॅटकिन्सन नाटक पुन्हा पाहून आले आणि त्यांनी आपले मत बदलले. असा प्रांजळपणा टीकाकारांत विरळाच! त्याच वर्षी १४ जून रोजी दूरचित्रवाणीवर तिचा कार्यक्रम झाला. तो फार थोड्यांनी पाहिला असेल, कारण हे यंत्र तेव्हा मोजक्याच घरांत होते.

चित्रपटांतही तिने नाव मिळविले. १९४९ च्या 'पिंकी' या चित्रपटातील वृद्ध धोबिणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिकाकरिता तिची शिफारस झाली.

मात्र तिची खरी कसोटी १९५० मध्ये लागली. कार्सन मॅक्‌कलर्स या लेखिकेच्या नाटकात तिला बेरेनिस नावाच्या स्वयंपाकिणीची भूमिका देऊ केली होती. या बाईला ईश्वराचा काहीच आधार दिसत नाही, म्हणून प्रथम एथेलने नकार दिला. भूमिका आपल्या समजुतीप्रमाणे करण्याची मोकळीक मिळाली तेव्हाच ती रंगभूमीवर उभी राहिली. तिची बेरेनिस पोरक्या मनाच्या मुलांना पोटाशी धरी, आणि स्वतःचे दुःखही सांगे. नाटकाचे ५०१ प्रयोग झाले. १९५२ च्या चित्रपटातही ती भूमिका तिनेच केली.

याच सुमारास दूरचित्रवाणीवरील 'ब्यूला' या मालिकेत ती मोलकरणीचे काम करीत होती. कृष्णवर्णीय स्त्रीला अशा मालिकेत मुख्य स्थान मिळणे ही अपूर्व घटना होती. परंतु ही मोलकरीण केवळ हसविण्यापुरती होती. तिला स्वतःचे असे आयुष्यच नव्हते. ज्या हातांनी एथेलच्या आजीने जन्मभर राबून पोट भरले, त्यांची अशी थट्टा तिला पटेना. १९५१ मध्ये तिने ती मालिका सोडून दिली.

पुढे तिला कामे कमी मिळू लागली, पैशाचीही अडचण आली. तरी १९६१ मध्ये दूरचित्रवाणीवर एका मरणोन्मुख गायिकेची भूमिका तिने अशी वठविली की, एमी पारितोषिकासाठी तिचे नाव सुचविले गेले. अखेरच्या काळात ती धर्मसभांतून भजने गात असे. १ सप्टेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले.