ग्रंथपाल घडवणारा राजा

निवृत्तीनंतर मी अहिवाऱ्यात राहायला आलो, तेव्हापासून पोलादाची भाषा रोज कानावर पडते. जवळच्या नंदिनीच्या खाणींतील चुनखडक भिलाईच्या भट्ट्यांत जातो आणि त्या भट्ट्यांवर आयुष्य घालवलेले माझे शेजारी संध्याकाळी गप्पांना बसतात. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. या कारखान्यासाठी येथील अभियंते प्रशिक्षणाला सोव्हिएत संघात पाठवले गेले होते. नवे यंत्र आले की नवे शिक्षण आलेच, यात माझ्या शेजाऱ्यांना काही विशेष वाटत नाही. मला मात्र हे ऐकताना स्वतःची एक जुनी स्वाक्षरी आठवते.

सेवेत असताना एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालांचा अर्ज माझ्यापुढे आला होता. त्यांना महिनाभराच्या उजळणी वर्गाला जायचे होते. पदास आवश्यक अर्हता त्यांच्याकडे आहेच, सबब प्रशिक्षणाची गरज नाही, असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. त्याच सुमारास नव्या लोखंडी कपाटांच्या खरेदीला मात्र विनाविलंब मंजुरी दिली. काही वर्षांनी तेथे गेलो, तेव्हा कपाटे कुलूपबंद होती. ग्रंथपाल प्रामाणिक होते. पुस्तक हरवले तर वसुली आपल्या पगारातून होईल, या धास्तीने ते कुलूप उघडतच नसत. पुस्तक राखणे त्यांना ठाऊक होते. ते वाचकापर्यंत नेण्याची विद्या त्यांना मिळायची होती आणि ती वाट मीच अडवली होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला बडोद्याचे उदाहरण तेव्हाच आठवायला हवे होते.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाचे खरे शिक्षण अजून सुरू व्हायचे होते. इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, इंग्रजी आणि राज्यकारभार असे सारे मोजक्या वर्षांत आत्मसात केले. १८८१ च्या अखेरीस राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले. शिकणे मात्र थांबले नाही. वाचन आणि प्रवास या त्यांच्या पुढील आयुष्यातील दोन पाठशाळा ठरल्या. उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत अधिक कळते, असे त्यांचे चरित्र वाचताना मला नेहमी वाटते.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. पण त्यातून पुढचा प्रश्न उभा राहिला. शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही, तर आलेली अक्षरे पुसली जाणार. अमेरिकेच्या प्रवासात पाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांना याचे उत्तर दिसले.

नुसत्या इमारतींचा आराखडा घेऊन ते परतले असते, तर बडोद्यातही कपाटेच उभी राहिली असती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अनुभवी अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्याच्या ग्रंथालयांची सूत्रे दिली. मध्यवर्ती ग्रंथालयाला महाराजांनी स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ दिले. स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग निघाले. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांकडे निघाली. गावाने वर्गणी जमवली की त्यात पंचायत आणि सरकार आपापली भर घालत, त्यामुळे वाचनालय गावाचेही राहिले.

या साऱ्याच्या मुळाशी १९११ चा प्रशिक्षण वर्ग होता. ग्रंथपालांसाठी भरलेला भारतातील हा पहिला वर्ग. वर्गीकरण, तालिका, देवघेव, वाचकाशी वागणे ही सारी शिकण्याची विद्या आहे, हे येथे प्रथम मान्य झाले. वर्ग संपला म्हणून शिक्षण संपले, असेही मानले गेले नाही. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग असलेल्या या पत्रामुळे कामावर असलेल्या ग्रंथपालालाही आपल्या भाषेत व्यवसायाच्या नव्या वाटा कळू लागल्या.

बॉर्डन तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, मायदेशी परतले. अशा वेळी बहुतेक सरकारी योजना त्यांच्या प्रवर्तकाबरोबरच निघून जातात. बडोद्यात तसे झाले नाही, कारण मागे शिकलेली माणसे होती. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सूत्रे सांभाळली आणि १९१९ मध्ये या चळवळीवर ग्रंथही लिहिला. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती गुजरातच्या खेड्यांत रुजवली. सयाजीराव १९३९ मध्ये मुंबईत निवर्तले, तेव्हा मद्रासमध्ये रंगनाथन यांनी सुरू केलेल्या ग्रंथपाल प्रशिक्षणालाही दहा वर्षे झाली होती.

संस्थानिकाच्या हुकमाने जे होते ते लोकशाहीत होत नाही, असा आक्षेप येईल. तो काही अंशी खरा आहे. पण आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये, मद्रासने १९४८ मध्ये, महाराष्ट्राने १९६७ मध्ये आणि छत्तीसगढने २००८ मध्ये ग्रंथालय कायदा केला. खरी अडचण फायलीत आहे. लहान ग्रंथालयात कर्मचारी एकच असतो. तो प्रशिक्षणाला गेला की दाराला कुलूप लागते, म्हणून त्याला सोडले जात नाही. यावर तीन साधे उपाय आहेत: अनुदानातील ठराविक हिस्सा प्रशिक्षणासाठी राखून ठेवणे, त्या काळात बदली माणूस देणे आणि घेतलेले शिक्षण पदोन्नतीत मोजणे. आज वाचक पुस्तकाबरोबरच ऑनलाइन अर्ज, स्पर्धा परीक्षांची माहिती आणि खऱ्याखोट्याची पारख मागायला येतो. वीस वर्षांपूर्वीच्या पदविकेवर ग्रंथपालाने हे सारे निभवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

भट्टीवरच्या माणसाला नवे शिक्षण नाकारले तर नुकसान त्याच पाळीत दिसते. ग्रंथपालाला नाकारले तर ते एका पिढीनंतर दिसते, आणि तोवर शेरा मारणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो. हे मी स्वतःवरून सांगतो आहे. असा एखादा अर्ज आज ज्याच्या टेबलावर पडला असेल, त्याने त्यावर मंजुरीची सही करावी.