कर्नल सी. के. नायडू : राजाश्रय आणि कर्तृत्व

क्रिकेटच्या मैदानावर आज द्रव्याची गंगा वाहते आहे. नामांकित खेळाडूंचे लिलाव होतात आणि त्यांच्या किमतीचे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात. परंतु आपल्या देशात असाही एक काळ होऊन गेला, की ज्या काळी धनाच्या बळावर खुद्द संघाचे नायकपदच मिळवता येत असे. त्या काळात केवळ बॅटीच्या बळावर भारताचा पहिला कसोटी संघनायक होण्याचा मान ज्यांनी मिळविला, ते कर्नल सी. के. नायडू आयुष्याची चाळीसांहून अधिक वर्षे आपल्या इंदूरशी निगडित होते.

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका सुखवस्तू तेलुगुभाषिक घराण्यात झाला. बालपण व शिक्षण नागपुरातच झाले. १९१६ साली मुंबईच्या प्रसिद्ध सामन्यांत ते हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध प्रथम उतरले, तेव्हा संघाचे सात गडी बाद झालेले होते. या नवख्या तरुणाने पहिले तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथा सरळ षट्कारासाठी सीमेपार धाडला. पुढील अर्धशतक त्यांचा खेळ ह्याच वळणाचा राहिला.

१९२३ साली श्रीमंत तुकोजीराव होळकर महाराजांनी त्यांना इंदुरास बोलावून आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. येथून नायडूंची काळजी मिटली. खेळाडूच्या आयुष्यात पोटापाण्याचा प्रश्न केवढा मोठा असतो, हे ज्यांच्या घरी कोणी खेळाडू आहे त्यांना सांगावयास नको. डिसेंबर १९२६ मध्ये गिलिगन यांचा इंग्लिश संघ मुंबईस आला असता नायडूंनी जिमखान्याच्या मैदानावर दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षट्कार होते. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदी खेळाडू गोऱ्यांच्या तोडीचे आहेत, हे त्या दिवशी सहस्रावधी लोकांनी डोळ्यांनी पाहिले. दोनच वर्षांनी, १९२८ साली, भारतीय क्रिकेटचे नियामक मंडळ स्थापन झाले.

मंडळ झाले, पण पैसा कोठून यावा? इंग्लंडचा दौरा म्हणजे बोटीचा प्रवास, कित्येक महिन्यांचा मुक्काम आणि खेळाडूंचा सगळा खर्च. हा भार उचलणारे संस्थानिकच होते. आणि जो थैली सोडतो तो सारथ्यही मागतो, हा जगाचा रिवाज आहे. मोटारींच्या शर्यतींत तर हे आजही दिसते. तेथे वेगवान चालक म्हणून नाव मिळविणे पुरेसे होत नाही. पुष्कळदा पुरस्कर्त्यांचे द्रव्य बरोबर आणील त्याला गाडीतील आसन मिळते, आणि गुणवान पण निर्धन चालक कडेला उभा राहतो.

१९३२ साली इंग्लंडला गेलेल्या संघाचे नायक पोरबंदरचे महाराज होते. दौऱ्यातील प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या अवघ्या दोन धावा झाल्या. त्यांच्या पदरी मोटारी अधिक की धावा अधिक, अशी थट्टा त्या वेळी होत असे. तथापि या महाराजांविषयी आम्हांस आदर वाटतो. आपली योग्यता ओळखून ते स्वतः बाजूस झाले आणि लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटी सामन्याचे नेतृत्व नायडूंकडे आले. काही खेळाडूंना हे रुचले नाही. सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी बंड केले व हिंदुस्थानातून मंडळाच्या सूत्रधारांचा सक्त हुकूम आल्यावरच ते मैदानात उतरले, असे सांगतात. २५ जून १९३२ रोजी सामना सुरू झाला. क्षेत्ररक्षण करताना हाताला इजा झाली असतानाही नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या; त्या डावात भारताच्या कोणाचीही धावसंख्या त्याहून अधिक नव्हती. सामना आपण १५८ धावांनी हरलो. त्या दौऱ्यात नायडूंनी १६१८ धावा काढल्या व ६५ बळी घेतले, आणि विस्डेन या इंग्रजी वार्षिकाने वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली.

एवढे कर्तृत्व गाजविलेल्या पुरुषालाच १९३६ च्या दौऱ्याचे नेतृत्व मिळावयास हवे होते. ते मिळाले विजयानगरमच्या महाराजकुमारांना. हे गृहस्थ क्रिकेटचे खरे शौकीन होते. हॉब्ज आणि सटक्लिफ यांसारख्या जगद्विख्यात फलंदाजांना त्यांनी स्वखर्चाने हिंदुस्थानात आणून खेळविले होते. देणग्या आणि सत्ताधाऱ्यांशी असलेली सलगी यांच्या जोरावर ते नायक झाले. तीन कसोटी सामन्यांत त्यांच्या एकंदर ३३ धावा झाल्या. संघात तट पडले, लाला अमरनाथ यांच्यासारख्या उमद्या खेळाडूला पहिल्या कसोटीपूर्वीच परत पाठविण्यात आले. पुढे न्यायमूर्ती ब्युमाँट यांच्या समितीने चौकशी करून हे नेतृत्व सदोष ठरविले. पण तोवर व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले होते. नायडूंनी त्या दौऱ्यातील शेवटच्या कसोटीत, ओव्हलवर, ॲलनचा वेगवान चेंडू अंगावर बसला असतानाही ८१ धावा केल्या. तोच त्यांचा अखेरचा कसोटी डाव ठरला. एकूण कसोट्या सात, धावा ३५०. महायुद्धाने पुढील वर्षे गिळली नसती तर हे आकडे निराळे दिसले असते, असे आम्हांस वाटते.

यावरून संस्थानिकांचा पैसा खेळाला घातकच ठरला, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आमच्या इंदुरातच त्याची दुसरी बाजू दिसते. श्रीमंत यशवंतराव होळकर यांनी संघ उभारला, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि संघाची सूत्रे निःशंकपणे नायडूंच्या हाती सोपविली. मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर, जगदाळे, भांडारकर ही नावे आपल्या आजोबांच्या तोंडी असत ती या संघामुळे. नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध आठ गडी बाद ९१२ धावांचा डोंगर रचण्यात आला. एकाच डावात सहा शतके झाली आणि त्यांतले एक पन्नास वर्षांच्या नायडूंचे होते. शिस्त मात्र लष्करी. त्यांच्यापुढे दुखापतीचे गाऱ्हाणे नेण्याची प्राज्ञा नव्हती. गाऱ्हाणे नेणार तरी कोणत्या तोंडाने? वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर फडकरांचा चेंडू लागून दात पडले, तरी हा नायक खेळपट्टी सोडून गेला नव्हता.

त्या काळची एक गमतीची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लिश फलंदाज कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला. शतकापुढील प्रत्येक धावेस बक्षीस देण्याचे एका धनिक व्यापाऱ्याने कबूल केले, म्हणतात. कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा काढल्या आणि शेटजी तातडीच्या कामासाठी कोठेसे निघून गेले!

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि काही वर्षांनी होळकर संघाचे नावही रणजी सामन्यांतून गेले. १९५६ साली भारत सरकारने नायडूंना पद्मभूषण दिले. त्याच सुमारास विजयानगरमच्या महाराजकुमारांनी, ज्यांच्या हाताखाली वीस वर्षांपूर्वी त्यांना खेळावे लागले होते त्यांनीच, त्यांना उत्तर प्रदेशाच्या संघासाठी बोलावून घेतले. नायडू गेले, आणि एकसष्टाव्या वर्षी राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढून परतले. १९६३ साली, अडुसष्टाव्या वर्षी, आपल्या जन्मगावी नागपूरला ते अखेरचा प्रथम श्रेणीचा सामना खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांनी देह ठेवला.