नाईक यशवंतराव घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस

माणगाव, महाड, पोलादपूर या बाजूंनी येऊन वसई, नालासोपारा व विरार येथे स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक कुटुंबांत पलटणीतून आणलेली एखादी पत्र्याची ट्रंक अद्यापि माळ्यावर असते. अशीच एक ट्रंक गतवर्षी आमच्यासमोर उघडण्यात आली. तळाशी फीत गळालेले दोन तारे आणि घडीवर फाटलेला, इटालियन गावांची नावे असलेला एक लष्करी नकाशा निघाला. त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आजोबा मराठा पलटणीत होते व पुढे विमानातून उड्या घेणाऱ्या छत्रीधारी सैन्यात गेले, एवढेच घरच्यांस ठाऊक होते. तिसरे पदक मुलांनी खेळता खेळता हरविले की भंगारवाल्याकडे गेले, यावर घरात एकमत होईना. ज्या पलटणीची ही मिळकत, तिच्यातील सर्वांत नामांकित वीराचे चरित्र या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

यशवंतराव घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. माणगाव तालुक्यातील पळसगाव हे त्यांचे गाव. तो जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. आज तो रायगड होय. डोंगरउतारावरील भातशेतीवर सर्वांचे पोट भरत नसल्याने घरटी एक मुलगा मुंबईच्या गिरणीत वा पलटणीत धाडावयाचा, हा त्या मुलखाचा जुना रिवाज. यशवंतरावांनी पलटणीची वाट धरली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक झाले. याच पलटणीने १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर नाव मिळविले होते. पुढे ती दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली.

१९४४ च्या उन्हाळ्यात रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते, परंतु प्रत्येक टेकडी लढवून. पेरूजियाच्या उत्तरेस टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मॉन्टोने गावाच्या परिसरात हिंदी पलटणी एकेक उंचवटा घेत चालल्या होत्या. १० जुलै रोजी यशवंतरावांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्यावाचून तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जायबंदी झाला. माघार घेतली असती तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. तथापि ते एकटे पुढे धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा असे दोन्ही निकामी केले, आणखी एकास गोळी घातली. बंदुकीत नवे काडतूसघर भरण्यास उसंत नव्हती; म्हणून ती नळीकडून धरून दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. ठाणे हाती आले, पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या व जिंकलेल्या त्या जागेतच त्यांनी प्राण सोडला. वयाची तेविशी पुरी व्हावयाची होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इटलीच्या मोहिमेत हिंदी सैन्याच्या वाट्यास हे पदक सहा वेळा आले. त्यांतील दोन मराठा वीरांचे. दुसरे मानकरी नामदेव जाधव. जाधव जगले व १९८४ पर्यंत लोकांना दिसले. घाडग्यांची तर समाधीही ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर केवळ नाव कोरलेले आहे. माणगावी तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा उभा आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांनी एस. टी.तून जाता-येता पाहिला असेल. इटलीतील मॉन्टोने गावानेही जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपाने स्मारक उभारले. आपण एवढ्या जवळ असून एका ट्रंकेतील नकाशा वाचू शकलो नाही, ही गोष्ट त्या वेळी मनाला लागली.

महायुद्धानंतर ही तिसरी पलटण छत्रीधारी झाली. १९४७-४८ साली ती काश्मीरच्या लढाईत होती. १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण ठरली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे विमानांतून उतरून पुंगलीचा पूल घेणारी हीच. यशवंतरावांनी आकाशातून उडी कधी घेतली नाही. त्यांच्या पलटणीने मात्र घेतली.

आता थोडे पदकांविषयी. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागे मानकऱ्याचे नाव व पराक्रमाची तारीख कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण सापडते. परंतु १९३९-४५ च्या प्रत्येक ताऱ्यावर नाव असेलच असे नाही. नाव नसलेला तारा घरातून गेला की तो कोणाचा, हे पुन्हा कळणे कठीण. डिस्चार्जचे पुस्तक, पगाराची वही, एखादे पत्र, पेन्सिलीच्या खुणांचा नकाशा, हीच अशा ताऱ्याची ओळख. म्हणून ती कागदपत्रे पदकापासून वेगळी करू नयेत.

मंडळ वस्तू मागत नाही. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहावी. फक्त कोणाकडे काय आहे याची नोंदवही आम्ही आरंभिली असून, पहिली नोंद त्याच ट्रंकेची आहे. पदके पितांबरीने घासू नयेत, नकाशा घडी न घालता सपाट ठेवावा आणि आजोबांचे पूर्ण नाव, गाव व पलटण एका कागदावर लिहून तो पदकासोबत ठेवावा. त्या घरी आम्ही बसलो असतानाच थोरल्या सुनेने वहीचे पान फाडून असा कागद लिहिला. पलटणीच्या क्रमांकापुढे तिने जागा मोकळी सोडली आहे. तो बेळगावच्या रेजिमेंटल केंद्राकडे पत्र लिहून विचारावयाचा आहे.