नेहरूंनाही न सोडणारी रेषा

वर्गात गुरुजींना डुलकी लागली आणि एका विद्यार्थ्याने त्यांचे चित्र काढले. मुख्याध्यापक संतापले, घरच्या वडीलधाऱ्यांना मात्र त्या रेषेत गुण दिसला. केरळातील कायमकुलम येथे ३१ जुलै १९०२ रोजी जन्मलेला हा मुलगा म्हणजे केशव शंकर पिळ्ळै, अर्थात भारतीय राजकीय व्यंगचित्रकलेचे जनक 'शंकर'.

विज्ञानाची पदवी घेऊन ते कायदा शिकण्यासाठी मुंबईला आले. ते शिक्षण अर्धवट राहिले. सिंधिया या जहाज कंपनीत नोकरी करता करता 'फ्री प्रेस जर्नल' आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये त्यांची व्यंगचित्रे झळकू लागली. १९३२ मध्ये संपादक पोथन जोसेफ यांनी त्यांना दिल्लीच्या 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये नेले. तेथे त्यांनी व्हाइसरॉयनाही सोडले नाही.

चेहऱ्यातील एखादी खूण वाढवून माणसाचा स्वभाव पकडणे म्हणजे अर्कचित्र. ज्याचे चित्र काढायचे त्याच्यापाशीही थोडे मोठे मन लागते. ते नेहरूंपाशी होते. १९४८ मध्ये 'शंकर्स वीकली'चे प्रकाशन करताना आपल्यालाही सोडू नका, असे त्यांनी शंकर यांना बजावले. शंकर यांनी तो शब्द अक्षरशः पाळला. अबू अब्राहम, ओ. व्ही. विजयन यांच्यासारखे व्यंगचित्रकार याच साप्ताहिकात घडले.

आणीबाणी आली आणि १९७५ च्या ऑगस्टअखेर 'वीकली' बंद झाले. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, हे शंकर यांनी अखेरच्या अंकात लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले, हा योगायोगही त्यांच्याच एखाद्या चित्रात शोभणारा! मुलांसाठी त्यांनी १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि १९६५ मध्ये दिल्लीत बाहुल्यांचे संग्रहालय उभारले. २६ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे एक चित्र मात्र २०१२ मध्ये पुन्हा पेटले. १९४९ च्या या चित्रात राज्यघटनारूपी गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. कामाच्या संथपणावरची ती टीका होती. आंबेडकरांच्या हातीही चाबूक आहे, हे खरे. पण त्यांच्या पाठीमागचा चाबूक पाहून दलित वाचकाला काय आठवावे, हेही समजून घ्यायला हवे. चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने ते मागे घेण्याची घोषणा केली. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांनी राजीनामा दिला. पुणे विद्यापीठातील त्यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.